कोंड्याचा मांडा आणि फायबरचा आकडा

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक छोटासा तक्ता होता. १०० ग्रॅम धान्यात फायबर किती? ज्वारी १.६ ग्रॅम, नाचणी ३.६ ग्रॅम, गव्हाचा आटा ११.३६ ग्रॅम. तक्त्याखाली मी अगदी ठामपणे लिहून टाकलं होतं की ज्वारीत फायबर नगण्य, नाचणीत त्याच्या दुपटीहून जास्त आणि गव्हात सातपट. धान्यातल्या फायबरचा आतड्यातल्या जिवाणूंवर काय परिणाम होतो, हा माझा विषय. तक्ता बघून मी जवळजवळ ठरवलंच होतं, शाळू सोडायचा आणि नाचणी घ्यायची.

गाइड मॅडमनी मसुदा वाचला. भाषेवर काही बोलल्या नाहीत. तक्त्यावर पेन्सिल टेकवून एवढंच विचारलं, "हे तिन्ही आकडे एकाच पद्धतीनं मोजलेत का?"

फायबर मोजायच्या पद्धती एकाहून जास्त आहेत हे मला माहीतच नव्हतं. आरआरसीला आठ दिवस उरले होते.

त्या शनिवारी कुरुंदवाडला घरी गेले. जेवताना सहज म्हटलं, "आज्जी, पुस्तकात लिहिलंय शाळूत फायबर नसतंय म्हणून." तिनं भाकरी थापता थापता मान वर केली. "कुणी लिहिलंय? भाकरी खाल्ली की दुपारपातूर पोटाला आधार ऱ्हातोय. कोंडाच नसंल तर कसा ऱ्हाईल गं?"

आज्जीचं म्हणणं पुरावा म्हणून सिनॉप्सिसमध्ये घालता येत नाही, मान्य. पण तिच्या वाक्यात एक निरीक्षण होतं आणि माझ्या तक्त्यात एक आकडा होता, आणि दोन्हींचा मेळ बसत नव्हता. असा मेळ बसत नसेल तर आधी आकड्याचा जन्मदाखला काढायचा, हे मी त्या आठवड्यात शिकले. तो दाखला काढताना जो इतिहास हाती लागला तो तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी जे आता पेट पास होऊन विषय शोधताहेत त्यांना तो कामाला येईल, विषय अन्नाचा नसला तरी.

आमच्या घरी गव्हाचं पीठ गिरणीतून आलं की चाळलं जातं आणि चाळणीत राहिलेला कोंडा म्हशीच्या पाटीत जातो. शाळूचं पीठ मात्र न चाळता तसंच डब्यात. गरिबीत नेटका संसार करणाऱ्या बाईला आपल्याकडं 'कोंड्याचा मांडा करणारी' म्हणतात. म्हणजे कौतुक बाईचं. कोंडा आपला कुचकामीच, त्यातून काही केलं तर ते तिचं कसब. विज्ञानानंसुद्धा कोंड्याकडं शंभरेक वर्षं असंच बघितलं, आणि योगायोग असा की तेही म्हशीच्या पाटीपासूनच सुरू झालं.

जर्मनीत ग्योटिंगेनजवळ वेंडे नावाच्या ठिकाणी शेतीचं एक प्रयोग केंद्र होतं. तिथं १८६०च्या दशकात हेनेबर्ग आणि श्टोमान या दोघांनी जनावरांच्या वैरणीचं पृथक्करण करायची एक पद्धत बसवली. वैरण सौम्य सल्फ्युरिक आम्लात अर्धा तास उकळायची, मग सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास उकळायची, शेवटी जे राहील ते वाळवून, जाळून, राख वजा करून मोजायचं. हे उरलेलं म्हणजे 'क्रूड फायबर'. गुरांच्या पोटातून काय न पचता बाहेर पडेल, याचा तो एक ढोबळ अंदाज होता. पद्धत स्वस्त, सोपी, कुठल्याही प्रयोगशाळेत जमणारी. म्हणून ती टिकली, आणि वैरणीवरून उचलून माणसाच्या अन्नालाही लावली गेली.

आता यात गोम कुठं आहे बघा. आपल्या आतड्यात काही उकळतं आम्ल आणि अल्कली नसतं. उकळून काढताना धान्यातलं पाण्यात विरघळणारं फायबर सगळंच जातं, हेमिसेल्युलोज बहुतेक जातं, लिग्निनचाही बराच भाग जातो. मागं राहतं ते मुख्यतः सेल्युलोज. आणि जे निघून गेलं त्याचं काय? जुन्या तक्त्यांत कार्बोहायड्रेट स्वतंत्र मोजत नसत. शंभरातून पाणी, प्रथिनं, स्निग्ध, राख आणि फायबर वजा केलं की उरेल ते कार्बोहायड्रेट. म्हणजे उकळून हरवलेलं फायबर गुपचूप कार्बोहायड्रेटच्या रकान्यात जाऊन बसलं. चोरी झाली, पण हिशेबाची बेरीज शंभरच येत राहिली, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. (वजाबाकीनं काढलेला कुठलाही आकडा दिसला की मी आता जरा थांबते.)

माझा ज्वारीचा १.६ आणि नाचणीचा ३.६ तिथून आला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं 'न्यूट्रिटिव्ह व्हॅल्यू ऑफ इंडियन फूड्स' हे पुस्तक, गोपालन आणि सहकाऱ्यांचं, १९७१चं. होमसायन्सपासून एमबीबीएसपर्यंत सगळ्यांनी वापरलेलं. त्यात रकान्याचं नाव साधं 'फायबर' असं आहे आणि मोजमाप क्रूड फायबरचं. गव्हाच्या आट्याचा ११.३६ मात्र त्याच संस्थेच्या २०१७च्या नव्या तक्त्यांतला, वेगळ्या पद्धतीचा. दोन पुस्तकं, एकच संस्था, मध्ये ४६ वर्षं, आणि मी दोन्हीतले आकडे एका ओळीत मांडून मोकळी झाले होते.

ही संस्था सुरू कशी झाली हेही थोडं बघूया, कारण पोट आणि धान्य यांचा भारतातला पहिला मोठा अभ्यास तिथलाच. १९१८मध्ये तमिळनाडूतल्या कुन्नूरला बेरीबेरीच्या चौकशीसाठी एका खोलीत काम सुरू झालं. करणारे होते रॉबर्ट मॅक्कॅरिसन. हे आधी गिलगिटकडं सर्जन होते आणि तिकडच्या हुंझा लोकांची पचनशक्ती बघून थक्क झाले होते. १९२१मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सांगितलं की इतक्या वर्षांत तिथं जठराचा अल्सर, अपेंडिसायटिस, कोलायटिस असलं काही मला दिसलं नाही. पुढं कुन्नूरला त्यांनी उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला भारतातल्या एकेका समाजाचा आहार दिला. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. वाढ आणि तब्येत मोजली तेव्हा क्रमही नेमका हाच लागला, शीख आहार पहिला आणि मद्रासी शेवटचा. दुसऱ्या एका प्रयोगात त्यांनी ब्रिटनमधल्या गरीब लोकांचा आहार दिला, म्हणजे पांढरा पाव, मार्गारिन, गोड चहा, जॅम, डबाबंद मांस. ते उंदीर खुरटले, फुप्फुसाच्या आणि पोटाच्या रोगांनी आजारी पडले आणि एकमेकांना खाऊ लागले.

मराठा तिसरा, हे वाचून मला आधी बरं वाटलं. मग गाइड मॅडमचा पेन्सिलवाला चेहरा आठवला. शीख आहारात न चाळलेल्या गव्हाची चपाती होती, पण त्याबरोबर भरपूर दूध होतं, लोणी होतं, डाळ होती, हिरव्या भाज्या होत्या. मद्रासी आहारात सडलेला तांदूळ होता आणि दूध फारच थोडं. फरक नेमका कशाचा? त्या काळात व्हिटॅमिन हा शब्द ताजा होता आणि मॅक्कॅरिसन यांनी उत्तर मुख्यतः तिथं शोधलं. उंदरांची आतडी त्यांनी बारकाईनं तपासली, अखंड धान्याचं महत्त्व पुन्हापुन्हा सांगितलं, पण कोंड्यातला चोथा स्वतः काही काम करत असेल हा प्रश्न त्यांच्या टेबलावर नव्हता. चोथा मोजायची पद्धत होती ती वैरणीची. हा दोष त्यांचा म्हणायचा का? मला तरी तसं वाटत नाही. आपल्याकडं ज्याचा आकडा आहे त्याबद्दलच आपण प्रश्न विचारतो, आजही.

'डाएटरी फायबर' हा शब्दप्रयोग १९५३मध्ये हिप्सली या ऑस्ट्रेलियन संशोधकाच्या लेखात आला आणि बराच काळ तसाच पडून राहिला. त्याला जीव आणला तो आफ्रिकेतून परतलेल्या डॉक्टरांनी. डेनिस बर्किट युगांडात सर्जन होते, लहान मुलांच्या एका कर्करोगाला त्यांचं नाव आहे. १९६६मध्ये ते लंडनला आले, तिथं क्लीव्ह नावाच्या नौदलातल्या डॉक्टरचं लिखाण त्यांच्या हाती पडलं. क्लीव्हचं म्हणणं, पांढरं पीठ आणि साखर यांतूनच पाश्चात्त्यांचे निम्मे रोग येतात. बर्किटना आठवलं की मलविकार, अपेंडिसायटिस, मोठ्या आतड्याचा कर्करोग हे इंग्लंडचे नेहमीचे आजार कंपालात क्वचितच दिसायचे.

मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. वॉकर आणि पेंटर यांच्याबरोबरचा त्यांचा १९७२चा 'लॅन्सेट'मधला लेख जमलं तर मिळवून वाचाच. लोकांना एक्स-रेत दिसतील अशा प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या गिळायला दिल्या, मग मल गोळा करून त्याचा एक्स-रे काढला आणि वजन केलं. ब्रिटिश नौसैनिक आणि त्यांच्या बायका, एकूण १५ जण: गोळ्या बाहेर पडायला सरासरी ८३ तास, रोजचा मल १०४ ग्रॅम. युगांडातले खेडूत, १५ जण: ३६ तासांच्या आत, आणि ४७० ग्रॅम. दक्षिण भारतातल्या १३ नर्सही त्या तक्त्यात आहेत, ४४ तास आणि १५५ ग्रॅम. नाक दाबून केलेलं काम आहे हे, पण प्रश्न सरळ आणि मोजमाप सरळ.

आता त्याच तक्त्यातला आहाराचा रकाना बघा. तिथं ग्रॅम नाहीत. 'रिफाइंड', 'मिश्र', 'अनरिफाइंड' असे तीनच शब्द. उलट बाजू तासांत आणि ग्रॅममध्ये मोजलेली, आणि ज्याला कारण म्हणायचं ते शब्दांत! खेडूत आणि नौसैनिक यांच्यात कष्ट, वय, जंतुसंसर्ग, सगळंच वेगळं, हा आक्षेप तर आहेच. बर्किट यांचे सहकारी ह्यू ट्रॉवेल यांना ही अडचण दिसत होती. त्यांनी १९७२मध्ये व्याख्या दिली: वनस्पतीच्या पेशीभित्तीचा जो भाग माणसाच्या पाचक रसांना दाद देत नाही तो डाएटरी फायबर. १९७६मध्ये ती आणखी रुंद केली. वैरण गेली, माणसाचं आतडं आलं. पण व्याख्या आली म्हणून मोजता येत नसतं. ते अजून तेरा वर्षं लांब होतं.

मधल्या काळात मुंबईत एक काम झालं. त्याबद्दल आपल्याकडं कुणीच कसं बोलत नाही याचं मला नवल वाटतं. डॉ. एस. एल. मल्होत्रा पश्चिम रेल्वेत डॉक्टर होते. रेल्वेचे कर्मचारी देशभर, नोकरी एक, दवाखाने एकाच पद्धतीचे, आजाराच्या नोंदी व्यवस्थित. संशोधनासाठी याहून चांगली लोकसंख्या कुठं मिळणार? साठच्या दशकात त्यांनी 'गट' या जर्नलमध्ये (हो, नावच 'आतडं' आहे) दाखवलं की ड्युओडेनल अल्सर भात खाणाऱ्या दक्षिणेत जास्त आणि गहू खाणाऱ्या पंजाबात कमी. इथं थांबले असते तर तो आणखी एक नकाशा झाला असता. पण त्यांनी प्रयोग केला. अल्सर नुकताच बरा झालेले ४२ रुग्ण घेतले, दोन गट केले, एकाला भाताचा आहार आणि दुसऱ्याला न चाळलेल्या गव्हाचा पंजाबी धर्तीचा. पाच वर्षं पाठपुरावा. १९७८मध्ये निकाल छापला: भाताच्या गटात ८१ टक्के लोकांना अल्सर उलटला, गव्हाच्या गटात १४ टक्के.

एवढा मोठा फरक! पण कशामुळं? मल्होत्रांचा स्वतःचा कल चावण्याकडं होता. चपाती चावावी लागते, चावलं की लाळ मिसळते, लाळ आतल्या अस्तराचं रक्षण करते. फायबरवाल्यांनी तोच निकाल फायबरच्या खात्यात जमा केला. आणि १९८२मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला मार्शल आणि वॉरन यांनी अल्सरमागचा वळणदार जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, २००५मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता अल्सरवर अँटिबायोटिक देतात, आणि ते बरोबरच आहे. मग मल्होत्रांचं काम रद्दीत? जिवाणू सापडला म्हणून ते ४२ रुग्ण खोटे ठरत नाहीत. पण रुग्ण थोडे होते, आणि आपल्या ताटात भात आहे की चपाती हे रुग्णापासून लपवता येत नाही. काय घडलं याची ती नोंद आहे. का घडलं, ते त्या प्रयोगातून ठरत नाही. जर्नल क्लबमध्ये हा लेख वाचायला घ्या, तासभर भांडण होईल याची मी हमी देते.

१९८५मध्ये शेवटी मोजणीची नवी पद्धत मान्य झाली. प्रॉस्की आणि सहकाऱ्यांची, एओएसी ९८५.२९ या क्रमांकाची. यात उकळतं आम्ल नाही. पिठावर क्रमानं तीन एन्झाइम सोडायची, स्टार्च पचवणारी दोन आणि प्रथिनं पचवणारं एक, म्हणजे आतड्याची नक्कल. मग अल्कोहोल घालून विरघळलेलं फायबर साक्यासारखं खाली बसवायचं, गाळायचं, वाळवायचं, त्यातली उरलेली प्रथिनं आणि राख वजा करायची. पहिल्यांदा हे स्वतः केलं तेव्हा गाळण तुंबून माझी अख्खी दुपार गेली होती, ते असो.

२०१७च्या तक्त्यांत एन्झाइमच्या पद्धतीनं काढलेलं एकूण फायबर आहे: ज्वारी १०.२२, नाचणी ११.१८, बाजरी ११.४९, आटा ११.३६, मैदा २.७६, सडलेला तांदूळ २.८१. जुन्या पुस्तकातले आकडे याच्या शेजारी ठेवा: ज्वारी १.६, नाचणी ३.६, बाजरी १.२, आटा १.९, मैदा ०.३, तांदूळ ०.२. ज्वारी सहापटीनं वाढली. त्याहून महत्त्वाचं, क्रम मोडला. जुन्या हिशेबात नाचणी बाजरीच्या तिप्पट, नव्या हिशेबात बाजरी नाचणीच्या किंचित वरच. जुन्या हिशेबात आटा तांदळाच्या साडेनऊपट, नव्यात चौपट. आणखी एक गंमत: जुन्या पुस्तकात अख्ख्या गव्हात फायबर १.२ आणि आट्यात १.९ आहे. दळल्यावर फायबर वाढतं होय? नमुने वेगळे असणार, दुसरं काय. पण किती वर्षं किती जणांनी हे दोन आकडे एकाखाली एक लिहून घेतले असतील.

यावर तुम्ही म्हणाल, बरं, जुना तक्ता चुकला, नवा बरोबर, विषय संपला. तसं नाही. फायबर मोजता यायला लागल्यावर लोकांनी ते वेगळं काढून द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत ॲरिझोनात पूर्वी आतड्यात गाठी झालेल्या लोकांना सुमारे तीन वर्षं गव्हाच्या कोंड्याचा पूरक आहार दिला, एका गटाला रोज १३.५ ग्रॅम फायबर मिळेल इतका आणि दुसऱ्याला २ ग्रॅम. २०००मध्ये निकाल आला: गाठी परत येण्यात फरक नाही. बर्किटवाद्यांना हा मोठा फटका होता. २०१५च्या एका अभ्यासात मात्र २० आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेतले २० खेडूत यांचे आहार दोन आठवडे चक्क अदलाबदल केले. अमेरिकनांचं फायबर दिवसाला ५५ ग्रॅमपर्यंत नेलं, चरबी कमी केली, तर आतड्याच्या अस्तरातली दाह आणि पेशीवाढीची लक्षणं घटली आणि जिवाणू बनवतात ते ब्युटिरेट अडीचपट झालं. १९८०मध्ये रोडिगर यांनी दाखवलंच होतं की मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन ब्युटिरेट आहे. म्हणजे चोथा नुसता झाडू मारून जात नाही, आतले जिवाणू त्याचा खरंच मांडा करतात. पण दोन आठवडे आणि ४० माणसं. आणि बदल एकट्या फायबरचा नव्हता. २०१९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १८५ पाहणी-अभ्यास आणि ५८ चाचण्या एकत्र करून रोज २५ ते २९ ग्रॅम फायबर खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग, हृदयविकार, मधुमेह कमी दिसतो असं मांडलं गेलं. अख्ख्या धान्याची बाजू आज भक्कम आहे असं माझं मत आहे. एका चमचा सुट्या कोंड्याची तितकी नाही.

कुरुंदवाडच्या आसपास आता जिकडं बघाल तिकडं ऊस. कृष्णा-पंचगंगेच्या काळ्या रानात शाळू घेणारे लोक थोडे उरलेत, बरीच घरं शाळू बाजारातून आणतात आणि महाग झाला की रेशनच्या गव्हावर भागवतात. अशा वेळी डाएट चार्टवर कुणी जुन्या पुस्तकातला १.६ लिहून दिला, तर आधीच महागलेला शाळू सोडायला माणसाला आणखी एक कारण मिळतं. माझ्यासारखीनं तर त्या आकड्यापायी विषयच बदलला असता.

नव्या मसुद्यात मी तक्त्याला दोन रकाने वाढवले, 'पद्धत' आणि 'वर्ष'. शाळू कायम ठेवला. आरआरसीत तक्त्यावर कुणी काही विचारलं नाही, त्यामुळं मी जरा ऐटीतच होते. तेवढ्यात शेवटच्या खुर्चीतल्या सरांनी विचारलं, "तुम्ही फायबर पिठातलं मोजणार. लोक पीठ खातात का?"

मी गप्प. उकळत्या पाण्यात भिजवलेलं पीठ, तव्यावर भाजलेली भाकरी, आणि दुसऱ्या दिवशी ताकात कुस्करलेली शिळी भाकरी, यांतलं स्टार्च एकसारखं नसतं. शिजून गार झालेल्या स्टार्चचा काही भाग पाचक रसांना दाद देत नाही आणि तो थेट जिवाणूंच्या वाट्याला जातो. पिठाच्या तक्त्यात तो दिसत नाही. त्या प्रश्नाचा माझ्या प्रबंधात आता दुसरा चॅप्टर झालाय. नमुन्यांसाठी भाकऱ्या आज्जीच करून देते. एकसारख्या वजनाच्या हव्यात म्हणून मी काटा घेऊन शेजारी बसते, आणि याचं तिला अजून हसू येतं.